बाबांना स्टेंट सांगितलाय, संमतीपत्रावरच्या गुंतागुंती कितपत खऱ्या?

मुक्ता

नमस्कार. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ६८. गेले काही महिने दोन जिने सलग चढले की छातीच्या मधोमध दाब येतो, थांबले की चार-पाच मिनिटांत उतरतो. बसल्याजागी किंवा झोपेत कधी दुखलेलं नाही. ट्रेडमिलची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून मनगटातून अँजिओग्राफी केली. एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी) मधल्या भागात ८० टक्के अडथळा, उजव्या धमनीत ५० टक्के. पंपिंग ५५ टक्के, ते चांगलं आहे म्हणाले. मधुमेह जुना. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.६. एलएडीत एक स्टेंट (धमनी उघडी धरणारी जाळी) घालू असं डॉक्टरांनी सुचवलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

मग संमतीपत्र हातात आलं. रक्तस्राव, धमनीचा आतला थर फाटणे, धमनीला छिद्र पडणे, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, तातडीने बायपास करावी लागणे, मृत्यू. बाबांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं, कागदाची घडी घातली आणि "त्यापेक्षा मी जिने चढायचे बंद करतो" एवढंच बोलले. आईने तेव्हापासून हा विषयच काढलेला नाही.

"काही होत नाही हो, रोज इतक्या होतात" असं बरेच जण सांगतायत, पण तेवढ्याने बाबांचं समाधान होत नाही आणि माझंही. यातलं काय किती वेळा होतं, बाबांच्या बाबतीत नेमकं कशाला जपायला हवं, घरी आणल्यावर आम्ही काय बघायचं, हे कुणी नीट सांगेल का? आणखी एक. त्यांना जांघेतला हर्निया आहे, त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी ठरलंय. हृदयाच्या डॉक्टरांपुढे तो विषय अजून निघालेला नाही. त्याने काही फरक पडतो का?

दिगंबर_स

मुक्ताताई, माझी अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी उघडून स्टेंट घालणं, हार्ट अटॅकच्या वेळी झाली, तीही एलएडीचीच. दुखायला लागल्यावर लगेच घरच्यांनी नेलं आणि थेट टेबलावर घेतलं. यादी वाचायच्या अवस्थेत मी नव्हतो, दाखवलं तिथे सही केली. आज रोज चालतो. बाबांना माझ्याकडून सांगा, मनगटाला टोचतं तेवढंच कळतं. फुगा फुगवतात तेव्हा छातीत पुन्हा तसंच दाटतं, तेव्हा सोसत पडून राहायचं नाही, तिथल्या तिथे सांगायचं. बाकी उशीर करू नका एवढंच म्हणेन.

वसुधा_सिस्टर

दिगंबरराव, तुमच्या वेळी उशीर न करणं हाच निम्मा उपचार होता. मुक्ताच्या बाबांचं प्रकरण वेगळं आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मुक्ता, मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात तिथे, नर्स होते, नोकरीचा बहुतेक काळ तिथेच गेला. मी डॉक्टर नाही आणि बाबांना पाहिलेलं नाही. तेव्हा हे सगळं त्यांच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी म्हणून वाच.

हार्ट अटॅकमध्ये धमनी अचानक बंद होते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. म्हणून रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती उघडायची धडपड चालते. तिथे स्टेंट जीव वाचवतो, यात दुमत नाही. बाबांना आहे तो स्थिर अंजायना. ठरावीक श्रमाला दुखतं, थांबलं की जातं. अशा रुग्णांवर मोठे अभ्यास झाले आहेत. २००७ चा 'करेज' २२८७ रुग्णांचा होता, २०२० साली प्रसिद्ध झालेला 'इस्केमिया' ५१७९ रुग्णांचा. एका गटाला भरपूर औषधं, दुसऱ्याला औषधं अधिक स्टेंट, 'इस्केमिया'त गरजेप्रमाणे बायपाससुद्धा. दोन्ही अभ्यासांत मृत्यूच्या प्रमाणात फरक निघाला नाही. 'इस्केमिया'त दुसऱ्या गटात प्रक्रियेच्या वेळचे अटॅक जास्त होते आणि पुढे आपणहून येणारे अटॅक कमी. ज्यांना वरचेवर दुखायचं त्यांना मात्र चांगलाच आराम पडला. २०२३ च्या 'ऑर्बिटा-२' मध्ये ३०१ रुग्ण होते. त्यातल्या साधारण निम्म्यांना नळी घालून स्टेंट न बसवताच बाहेर आणलं आणि आपल्याला काय झालंय हे कुणालाच सांगितलं नाही. अंजायनाची औषधं बंद ठेवूनही स्टेंटवाल्यांचं दुखणं कमी झालं.

म्हणजे बाबांचा स्टेंट मुख्यतः जिना न थांबता चढता यावा यासाठी आहे. माणसाने जिने चढणं सोडून द्यायची तयारी करावी, इतकं ते दुखणं त्याला छळतंय, तेव्हा हे कारण मी मुळीच कमी लेखत नाही. पण त्यासाठी आठवडाभरात सही करायलाच हवी असंही नाही. डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा असता, पंपिंग फार घसरलेलं असतं किंवा बसल्याजागी दुखायला लागलं असतं तर मी असं लिहिलं नसतं. त्या रुग्णांचं गणित निराळं असतं. पहिला प्रश्न हा विचारा : अंजायनाची औषधं पूर्ण मात्रेत देऊन पाहिली आहेत का? बीटा ब्लॉकर (ठोके मंद करून हृदयाचं काम हलकं करणारी गोळी) चालू आहे का? स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) किती मिलिग्रॅमची आहे?

आता यादी. नळी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने सांगते.

सुरुवात टोचलेल्या जागेपासून. संमतीपत्रात शेवटी मृत्यू लिहिलेला असतो म्हणून नजर तिथे जाते, पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास इथला असतो. मनगटाची धमनी लहान आणि हाडावर असते, पट्टा बांधून दाबली की रक्त थांबतं. तिथे फार तर काळंनिळं होतं, कधी गाठ धरते. काही जणांची मनगटातली धमनी नंतर बुजते, पण हाताला दुसऱ्या बाजूच्या धमनीतून रक्त मिळत असल्यामुळे बहुतेकांना ते कळतही नाही. म्हणून पट्टा सैल करताना नाडी बघायची असते, आणि पट्टा बेताने घट्ट हवा, पूर्ण आवळलेला नको. मांडीच्या धमनीतून नळी घातली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाबांची अँजिओग्राफी मनगटातून झालीय, अँजिओप्लास्टीही तिथूनच होणार का हे विचारून घ्या. क्वचित मनगटाची धमनी आखडते किंवा वळणाची निघते आणि ऐनवेळी मांडीकडे वळावं लागतं, तेही माहीत असू द्या.

मांडीतून झालं तर पाय सरळ ठेवून पडून राहायचं, खोकताना किंवा शिंकताना टोचलेल्या जागेवर हात दाबून धरायचा. आता जे लिहिते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखव. मांडीची धमनी थोडी वर टोचली गेली तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साठू शकतं. पट्टी कोरडी दिसते, गाठ दिसत नाही. रुग्ण म्हणतो पाठ दुखतेय, कंबर भरून आलीय. आणि पडून राहिल्याने पाठ दुखतेच, म्हणून नातेवाईक त्याला कुशीवर वळवायला बघतात. मी नव्या मुलींना सांगायचे, पाठदुखीची तक्रार आली की उशी देण्याआधी ब्लडप्रेशर बघ. पाठदुखीबरोबर घाम, चेहरा पांढरा पडणं, नाडी जलद होणं, प्रेशर उतरणं यातलं काहीही असलं तर त्याच क्षणी सिस्टरला बोलवायचं. लवकर कळलं तर रक्त देऊन, जागा दाबून, क्वचित आतून झाकलेला स्टेंट घालून हे आटोक्यात येतं. उशीर झाला तर माणूस हातचा जातो. रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाने फोनमध्ये डोकं घालू नये, ते यासाठी.

पुढे नळी महाधमनीतून वर जाते. तिथल्या भिंतीवरचा चुन्यासारखा थर सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होऊ शकतो. प्रमाण एक टक्क्याहून बरंच कमी आहे, पण बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात जड पडणं हे टेबलावरही होऊ शकतं आणि नंतर खोलीतही. भुलीमुळे असेल म्हणून सोडायचं नाही. अँजिओप्लास्टीला सहसा पूर्ण भूल दिलेलीच नसते, माणूस जागा असतो.

मग खुद्द हृदयाची धमनी. फुगा अडथळ्याला दाबून बाजूला सारतो तेव्हा आतला थर चिरतोच, थोडाफार. ती चीर लांबली तर धमनी बंद पडू शकते. पहिली अँजिओप्लास्टी अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये केली, ३८ वर्षांच्या जाग्या रुग्णावर, बाबांची जी अरुंद आहे त्याच धमनीची, एलएडीची. तेव्हा नुसता फुगा होता, स्टेंट नव्हते. सुरुवातीच्या त्या वर्षांत शंभरात पाच-सहा जणांना तातडीने बायपासला न्यावं लागायचं, कारण चिरलेली धमनी धरून ठेवायला काही साधनच नव्हतं. १९८६ मध्ये पहिले स्टेंट बसवले गेले ते मुळात याच कामासाठी उपयोगी पडले. आता तातडीची बायपास एक टक्क्याहून खूप खाली आली आहे. तुझ्या यादीत ती अजून असते, पण तिचं वजन पूर्वीचं राहिलेलं नाही.

धमनीला छिद्र पडणं त्याहून दुर्मीळ, पण घडलं की लॅबमधला आवाज बदलतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलं तर हृदयाला फुलायला जागा राहत नाही, याला टॅम्पोनाड म्हणतात. छिद्रावर फुगा धरून ठेवतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा देतात, सुईने पिशवीतलं रक्त काढतात, लागला तर आवरण असलेला स्टेंट घालतात. अडथळ्यात कॅल्शियम जास्त असेल, धमनी पूर्ण बंद असेल किंवा तासणीचं यंत्र वापरायचं असेल तर हा धोका वाढतो. बाबांच्या अडथळ्यात कॅल्शियम किती आहे हे अँजिओग्राफीच्या चित्रात दिसलेलं असतं, ते विचार.

आता माझ्या मते बाबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : मूत्रपिंड. ६८ व्या वर्षी पुरुषात क्रिएटिनिन १.६ म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) साधारण ४५ ते ५० मध्ये येतो, आणि वर जुना मधुमेह. धमन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून नळीतून जे औषध सोडतात त्या डायचा भार अशाच मूत्रपिंडांना जाणवतो. क्रिएटिनिन वाढतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणून आधी हे शोध : तो १.६ चा आकडा अँजिओग्राफीच्या आधीचा की नंतरचा? नंतर तपासलंच नसेल तर स्टेंटच्या आधी तपासायलाच हवं, कारण एक डाय नुकताच शरीरात जाऊन गेलाय आणि दुसरा देणार आहेत. आधी आणि नंतर सलाइन, डाय कमीत कमी, तिसऱ्या दिवशी पुन्हा क्रिएटिनिन, आणि या काळात अंगदुखीच्या गोळ्या बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन काहीही घरातल्या डब्यातून द्यायचं नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असतील तर किती दिवस थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंपिंग चांगलं आहे हे इथे कामी येतं, सलाइन सोसेल.

डायची ॲलर्जी असते, पण कोळंबी सोसत नाही म्हणून डाय सोसणार नाही हा समज खरा नाही. पूर्वी डाय दिल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर मात्र आवर्जून सांगा.

शेवटची पायरी घरची. स्टेंट ही धातूची जाळी. रक्ताला ती परकी वाटते, आतल्या थराने झाकली जाईपर्यंत तिच्यावर गुठळी जमू शकते. तशी जमली तर धमनी मिनिटांत बंद होते, मोठा अटॅक येतो आणि त्यात दगावणाऱ्यांचं प्रमाण भीतीदायक आहे. हे होतं शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना, पण ज्यांना होतं त्यांच्यातलं एक ठळक कारण म्हणजे गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या मध्येच सोडणं. औषधाचा लेप असलेले स्टेंट आले तेव्हा धमनी पुन्हा अरुंद होणं खूप घटलं. नुसत्या फुग्यानंतर तिघांत एकाची पुन्हा अरुंद व्हायची, साध्या स्टेंटनंतर शंभरात वीस-तीस जणांची, लेपवाल्या स्टेंटनंतर दहाहून कमी. पण पहिल्या पिढीच्या त्या स्टेंटवर उशिरा गुठळी होते असं २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत मांडलं गेलं आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतरचे स्टेंट पातळ तारांचे आणि बरेच सुरक्षित आहेत. तरी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या स्थिर अंजायनात सर्वसाधारणपणे सहा महिने, अटॅक असेल तर वर्षभर चालतात. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर डॉक्टर ही मुदत एक ते तीन महिन्यांवर आणू शकतात.

दाताच्या डॉक्टरांनी, गुडघ्याच्या डॉक्टरांनी किंवा शेजारच्यांनी "रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद करा" म्हटलं की लोक बंद करतात. दात काढायला म्हणून दोन्ही गोळ्या थांबवलेला रुग्ण त्याच धमनीचा अटॅक घेऊन परत आलेला मी टेबलावर पाहिला आहे. स्टेंट उत्तम बसलेला होता. ती गोळी थांबवायचा निर्णय फक्त स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा, असं घरातल्या सगळ्यांच्या मनात पक्कं बसू दे.

म्हणूनच, मुक्ता, तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हर्नियाचं आहे. आज स्टेंट घातला आणि दोन महिन्यांनी हर्नियाचं ऑपरेशन आलं तर सर्जनला गोळ्या बंद हव्या असणार आणि स्टेंटला त्या चालू हव्या असणार. हा पेच आज टाळता येतो, दोन महिन्यांनी टाळता येणार नाही. हर्निया त्रास देत नसेल तर तो पुढे ढकलता येतो. त्रास देत असेल तर आधी हर्निया आणि मग स्टेंट असाही विचार होऊ शकतो. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून आधी स्टेंट घालून घ्यावा, असं कुणी म्हटलं तर विचारा. २००४ चा 'कार्प' नावाचा अभ्यास होता, ५१० रुग्णांचा. रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी स्थिर रुग्णांना स्टेंट किंवा बायपास करून काही फायदा झाला नाही. हर्निया तर त्यापुढे लहान.

पाटीपेन्सिल

वसुधाताईंनी टोचलेल्या जागेबद्दल लिहिलंय त्यात भर घालतो. माझ्या बायकोची अँजिओप्लास्टी मांडीतून झाली. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, जांघेत सुपारीएवढी गाठ लागतेय. हात लावला तर गाठ नाडीसारखी उडत होती. सूज असेल, उतरेल असं वाटलं होतं, पण उडणारी गाठ बरी नव्हे म्हणून त्याच संध्याकाळी दाखवलं. डॉप्लर सोनोग्राफीत कळलं की टोचलेलं छिद्र बुजलेलं नाही आणि धमनीबाहेर रक्ताचा कप्पा तयार झालाय. स्यूडोॲन्युरिझम म्हणाले. सोनोग्राफीत बघत बघत त्या कप्प्यात थ्रॉम्बिनचं इंजेक्शन दिलं, काही सेकंदांत आतलं फिरणारं रक्त गोठलेलं पडद्यावर आम्हालाही दिसलं. ऑपरेशन लागलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की लहान असली तर आपोआपही बुजते, मोठी असली आणि दुर्लक्ष केलं तर फुटू शकते.

तेव्हा ताई, जागा रोज कपड्याशिवाय बघायची आणि बोटांनी चाचपायची. बाबा संकोचतील, तरी बघायची. पाय गार पडणं किंवा बधिर होणं हेही तितकंच महत्त्वाचं, असं आम्हाला नंतर सांगितलं.

अनिकेत_ज

थोडं विषयांतर, पण नळीचाच प्रश्न आहे. आमच्या आजीला महाधमनीची झडप अरुंद झालीय, वय ८१. छाती न उघडता मांडीतून झडप बसवू म्हणतात. त्यात पेसमेकर लागू शकतो असं लिहिलंय. झडपेचा आणि पेसमेकरचा संबंध काय? हृदय तर दुरुस्त होणार ना?

वसुधा_सिस्टर

अनिकेत, विषयांतर मुळीच नाही. संबंध जागेचा आहे. हृदयाचे ठोके वरून खाली नेणारा तंतूंचा गुच्छ महाधमनीच्या झडपेच्या अगदी खालून जातो. नवी झडप जुन्या, कॅल्शियमने कडक झालेल्या झडपेच्या आत फुलवतात, जुनी काढत नाहीत. त्या फुलण्याचा दाब खालच्या गुच्छावर आला तर ठोके मंदावतात किंवा अडतात. शंभरात दहाच्या आसपास रुग्णांना कायमचा पेसमेकर लागतो, झडपेच्या प्रकाराप्रमाणे कमी-जास्त. आजींच्या ईसीजीत उजव्या बाजूचा ब्लॉक (त्या तंतूंच्या उजव्या फांदीतला अडसर, धमनीतला नव्हे) आधीपासून असेल तर शक्यता वाढते. आज ईसीजी काढून ठेवा आणि हा प्रश्न विचारा.

काही जणांना ठोक्यांचा अडसर दोन-चार दिवसांनी दिसतो, घरी गेल्यावर. आजींना घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा त्या कोसळल्या, तर अशक्तपणा म्हणून ग्लुकोज पाजत बसू नका, लगेच ईसीजी.

ही झडप पहिल्यांदा माणसात बसवली आलँ क्रिबिए यांनी, फ्रान्समध्ये रुआँला, एप्रिल २००२ मध्ये. रुग्णाची शस्त्रक्रिया करायला कुणी धजावत नव्हतं. मुळात अशाच रुग्णांसाठी निघालेला हा उपचार आहे, तेव्हा ८१ वय हे त्याच्या विरोधात जात नाही. मांडीच्या धमन्यांचा सीटी स्कॅन करतात तो नळी आत जाईल की नाही हे बघायला. या प्रक्रियेत नळी जाड असते, त्यामुळे मी वर मुक्ताला मांडीबद्दल लिहिलं ते सगळं आजींना जास्त लागू. पक्षाघाताचा धोकाही साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा जास्त, शंभरात दोन-तीन. झडपेच्या कडेने थोडं रक्त मागे गळू शकतं, ते इकोवर कळतं.

मुक्ता

वसुधाताई, तुमचा प्रतिसाद छापून बाबांना दिला. त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या आणि डॉक्टरांकडे तोच कागद घेऊन गेले. डॉक्टर अजिबात वैतागले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि एकेक खूण घेत गेले.

तो १.६ आकडा अँजिओग्राफीच्या आधीचा होता. नंतर तिसऱ्या दिवशी १.८ झालेला होता, तो रिपोर्ट फायलीत होता. काल पुन्हा काढला, १.६. म्हणजे डायचा धक्का बसला होता, पण उतरला. हर्निया ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, हे आधी कळलं असतं तर मी तारीखच दिली नसती. बाबा आजवर फक्त ॲस्पिरिन आणि कमी मात्रेतली स्टॅटिन घेत होते. आता मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू केलंय, स्टॅटिन वाढवलीय, जिभेखाली मारायचा नायट्रोग्लिसरीनचा फवारा दिलाय. हर्निया अधूनमधून दुखतो, सर्जन ॲस्पिरिन चालू ठेवून ऑपरेशन करायला तयार आहेत, तेव्हा आधी ते. त्यानंतरही जिन्यात दुखत राहिलं तर मनगटातून स्टेंट, आधी भरपूर सलाइन देऊन. अडथळ्यात कॅल्शियम फारसं नाही म्हणाले.

बाबा म्हणाले, "आता सही करायची वेळ आली तरी करीन, कशावर करतोय ते कळलंय." आई त्यांच्या शेजारीच बसली होती, तिने फवाऱ्याबद्दल विचारलं. तो कधी मारायचा आणि किती वेळा, हे आम्हा दोघींना अजून धडसं कळलेलं नाही.

वसुधा_सिस्टर

मुक्ता, छान झालं. आईंना फवाऱ्याचं नीट सांग, वेळ आली तर त्याच जवळ असतील.

दुखायला लागलं की बाबांनी जिथे असतील तिथे आधी बसायचं. उभ्याने फवारा मारला तर प्रेशर उतरून पडतात. बसल्यावर जिभेखाली एकदा मारायचा, श्वासाबरोबर आत ओढायचा नाही. थोडं डोकं दुखेल, ते औषधाचंच लक्षण. पाच मिनिटांत दुखणं उतरलं नाही किंवा वाढलं तर रुग्णवाहिका बोलवायची, स्वतःच्या गाडीने निघायचं नाही. दुसरा फवारा ती येईपर्यंत मारायचा का, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. पुरुषांच्या ताकदीची म्हणून मिळणारी सिल्डेनाफिलसारखी गोळी बाबा घेत असतील तर हा फवारा चालत नाही, प्रेशर धोकादायक उतरतं. हा प्रश्न मुलीपुढे निघणार नाही, म्हणून डॉक्टरांना बाबांशी एकट्याने बोलू दे.

आणि दुखण्याची नोंद ठेवा. दोन जिन्यांऐवजी एकाच जिन्यात दुखायला लागलं, बसल्याजागी दुखलं, झोपेतून उठवलं, दुखणं जास्त वेळ टिकायला लागलं, यातलं एकही झालं तर तो स्थिर अंजायना राहिला नाही. मग हर्नियाची तारीख, औषधांची मुदत, मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी दाखल करायचं. फवाऱ्यावरची मुदतीची तारीखही बघून ठेव, आणि तो कपाटात न ठेवता बाबांच्या खिशात ठेव.